धुपदाळच्या पाण्यावरचे पाहुणे आणि घरचे

हिवाळ्यात घटप्रभा पक्षी अभयारण्यात जाणारे बहुतेक लोक कांडे करकोच्यासाठी जातात, आणि त्यात वावगे काही नाही. मंगोलिया आणि मध्य आशियातील गवताळ माळांवर पिल्ले वाढवून हिमालय ओलांडणारा हा पक्षी आपल्या गोकाक तालुक्यात येऊन उतरतो, हे बेळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवे, मग ते मराठी शाळेत जाणारे असो की कन्नड. मात्र यंदा जानेवारीत तिथे घालवलेल्या सकाळीनंतर माझे ठाम मत झाले आहे, की बारमाही राहणाऱ्या पक्ष्यांना तितकाच वेळ दिल्याखेरीज ते पाणी समजत नाही.

हे सारे पाणी एका बंधाऱ्यामुळे अडले आहे. कालव्यासाठी घटप्रभेवर धुपदाळ येथे बांधलेला हा बंधारा 1897 साली पूर्ण झाला. त्याच्या मागे नदी पसरली, गाळ साचत गेला, लहान बेटे आणि उथळ कडा तयार झाल्या आणि पक्ष्यांची सोय झाली. 1974 साली सुमारे 29.78 चौरस किलोमीटरचा हा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. बेळगावहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीने घटप्रभा स्थानकावर उतरले की धुपदाळ जवळच आहे.

दुर्बीण काठावरून सावकाश खोल पाण्याकडे नेत गेल्यास पक्ष्यांनी हे पाणी आपापसांत कसे वाटून घेतले आहे ते दिसू लागते. ओल्या मातीवर टिटवी आणि धोबी, पुढे घोटाभर पाण्यात वंचक, त्याहून थोड्या खोल पाण्यात लांबसडक गुलाबी पायांचे शेकाटे, त्यापलीकडे राखी बगळा, आणि जिथे पाय टेकत नाहीत तिथे हळदीकुंकू बदके, वारकरी व पाणकावळे. ज्याचे पाय जेवढे लांब आणि चोच जशी, तशी त्याची जागा. पाण्याची पातळी हातभर चढली किंवा उतरली तरी ही सारी मांडणी बदलते, म्हणून बंधाऱ्यातून पाणी केव्हा आणि किती सोडतात हे पक्ष्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

लव्हाळ्यांच्या कडेला एक जांभळी पाणकोंबडी अगदी जवळून पाहता आली. तिने लव्हाळ्याचा एक देठ चोचीने उपटला, तो एका पायाच्या लांब बोटांत मुठीत धरावा तसा उभा धरला आणि लाल चोचीने वरची साल काढून आतला पांढरा गाभा खाल्ला. उरलेला देठ टाकून ती पुढच्याकडे वळली. माझ्यासोबत आलेल्या मामांनी आयुष्यभर शेती केली आहे. तेही हे बघतच राहिले.

कांडे करकोचे दहाच्या सुमारास आले. ते सकाळी कापणी झालेल्या शेतांत दाणे टिपतात आणि ऊन चढल्यावर विसाव्यासाठी पाण्याकडे येतात. आधी आवाज आला, मग ताणलेल्या मानांची वाकडीतिकडी रांग दिसली. खाली उतरल्यावर काळी मान आणि डोळ्यामागून निघणारा पांढरा तुरा दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होता. इथे हिवाळ्यात येणारा पांढरा करकोचा मात्र आम्हाला दिसला नाही. त्याची चोच आणि पाय लाल असतात, तो जवळजवळ मुका असतो आणि चोच वाजवून व्यक्त होतो.

थवा बसल्यानंतर काही तरुण मोबाईलवर फोटो काढण्यासाठी थेट त्याच्या दिशेने चालत गेले आणि सारा थवा उठला. इतक्या लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला परतीसाठी अंगात चरबी साठवावी लागते, आणि दर वेळी असे उडावे लागले की ती खर्ची पडते. काठावर स्वस्थ बसले तर तेच पक्षी बराच वेळ समोर राहतात, हे तिथे कुणीतरी आवर्जून सांगायला हवे. आम्ही त्या मुलांना मराठीत आणि मोडक्या कन्नडमध्ये सांगितले, त्यांनी ऐकलेही.

उन्हाळा लागेपर्यंत पाहुणे परततात, आणि पावसाळ्यात घरच्यांच्या विणीचे दिवस येतात. टिबुकली पाणवनस्पतींच्या तरंगत्या घरट्यात अंडी घालते आणि उठून जाताना त्यांवर ओला पाला ओढून ठेवते. कमळपक्ष्यात तर अंडी उबवण्याचे आणि पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो. हे पाहण्यासाठी पावसाळ्यात पुन्हा धुपदाळला जायचे आम्ही ठरवले आहे.