मिटला का?

दुपारी पडदे ओढून घेतले ते झोपायला नव्हे. माझ्या जुन्या रेडिओ ट्यूनरचा डोळा, म्हणजे स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणारा हिरवा व्हॉल्व्ह (काचेची नळी), दिसत नव्हता म्हणून. त्या हिरव्या डोळ्याच्या आतला फॉस्फरचा, म्हणजे उजळणाऱ्या पदार्थाचा लेप इतकी वर्षं उजळून उजळून पार फिका पडलाय. भर उजेडात तो चालू आहे की विझलाय, कळतच नाही. कंडेन्सर बदलता येतात, रेझिस्टर बदलता येतात. फॉस्फरला औषध नाही. नवा व्हॉल्व्ह मिळाला तर घालायचा, नाहीतर खोलीत अंधार करायचा. मी अंधार करतो.

लहानपणी घरात जो रेडिओ होता त्याचा डोळा गोल होता. १९३५च्या ६ई५ या व्हॉल्व्हच्या घराण्यातला. स्टेशन नेमकं लागलं की त्यातली काळी फट बारीक होत जायची. रेडिओ तापायला अर्धाएक मिनिट लागायचं. मग बाबा डोळे मिटून खुंटी फिरवायचे आणि मी गुडघे टेकून रेडिओच्या डोळ्यात डोळे घालून बसायचो.

"मिटला का?"

"अजून थोडा."

"आता?"

"मिटला, मिटला! अहो बाबा, पुढे गेलात!"

मग केसभर मागे. त्यांचा कान एक सांगायचा, माझा डोळा दुसरं, आणि भांडण मिटेपर्यंत बातम्या संपलेल्या असायच्या. आई आतून ओरडायची, "डोळा मिटला, डोळा मिटला काय लावलंय! दुसरं काहीतरी म्हणा." म्हणून आम्ही 'डोळा लागला' म्हणू लागलो. तोवर बाबांचाही लागलेला असायचा.

आता माझ्याकडे आहे तो नुसता ट्यूनर. याला स्पीकर नाही, अॅम्प्लिफायर नाही, स्वतःचा आवाजच नाही. हवेतून स्टेशन पकडायचं आणि दुसऱ्याच्या हवाली करायचं, एवढंच काम. मॅरांट्झ कंपनीच्या १०बी ट्यूनरमध्ये म्हणे स्टेशन नीट लागलंय का ते बघायला चक्क छोटा ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नल दाखवणारा पडदा, बसवलेला असतो. माझ्या ट्यूनरची ऐपत ईएम८४ या डोळ्याएवढीच : दोन हिरव्या पट्ट्या दोन्हीकडून सरकत येतात आणि सिग्नल चांगला असेल तर एकमेकींना टेकतात.

हातात आला तेव्हा मी तो लगेच प्लगला जोडला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर एकदम अडीचशे व्होल्ट सोडले तर तो फुटूही शकतो. आधी सिरीजमध्ये दिवा लावला. दिवा क्षणभर उजळून मंद झाला, तेव्हा जीव भांड्यात पडला. तो झगझगीत पेटून राहिला असता तर आत कुठेतरी शॉर्ट होता.

पण आयएफच्या, म्हणजे सिग्नल ज्या ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतात तिच्या, डब्यांना मी हात लावत नाही. १०.७ मेगाहर्ट्झला जुळवलेल्या त्या चौकोनी अॅल्युमिनियमच्या डब्या, आणि वरच्या भोकातून डोकावणारा, जुळणीसाठी फिरवायचा कोअर. स्क्रू सैल झालाय असं समजून तो पिळणाऱ्या माणसाशी माझं जमत नाही. कोअर तडकतो, आणि तडकला नाही तरी कारखान्यात मीटर लावून केलेली जुळणी गेलीच. डब्यांना असं जपण्याचं आणखी एक कारण म्हणजे अमेरिकन संशोधक एडविन आर्मस्ट्राँग. सिग्नल आधी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणायचा आणि मग वाढवायचा, ही सुपरहेटरोडाइनची युक्ती त्यांची, १९१८ची. एफएमची पेटंटंही त्यांचीच, १९३३ची. मग १९४५मध्ये अमेरिकेत एफएमचा पट्टा ४२-५० मेगाहर्ट्झवरून उचलून ८८-१०८वर नेला आणि लोकांच्या घरातले एफएम रेडिओ एका निर्णयात मुके झाले. वर आरसीए या बड्या रेडिओ कंपनीशी पेटंटचा खटला, वर्षानुवर्षं. १९५४च्या जानेवारीअखेरीस आर्मस्ट्राँगनी न्यूयॉर्कच्या आपल्या घराच्या खिडकीतून खाली उडी घेतली. उरलेले खटले त्यांच्या पत्नी मॅरियन लढत राहिल्या. शेवटचा त्यांनी जिंकला तो १९६७मध्ये. हे आठवलं की त्या डबीवरची धूळसुद्धा मी ब्रशने हळूच झटकतो.

तर, आजचा गोंधळ ट्यूनरच्या डायलवरचा काटा सरकवणाऱ्या दोरीचा. सकाळी ती तुटली. खुंटीच्या दांड्याला अडीच वेढे, मोठ्या चाकाला वळसा, दोन पुलींवरून परत आणि शेवटी स्प्रिंग. कागदावर पाच ओळींचं काम. तीनदा दोरी स्प्रिंगजवळ येऊन हातातून निसटली. चौथ्यांदा बसली, आणि काटा मी पुलीवरून परत येणाऱ्या दोरीला अडकवला. आता १०८कडे जावं तर ८८कडची स्टेशनं लागतात. काटा सोडवून वरच्या दोरीला लावायचा, एवढंच बाकी आहे. पण व्हॉल्व्ह तापले होते, लाकडी पेटीला तो ओळखीचा गरम धुळीचा वास सुटला होता. राहू दे म्हटलं.

अंधारात बसून खुंटी हातात घेतली. खरखर, मग खरखरीच्या आतून कुणीतरी बोलतंय असं, मग एकदम स्वच्छ. जाहिरात होती. तरी मी बाबांसारखे डोळे मिटले आणि केसभर पुढे गेलो, केसभर मागे आलो. लागलं असं वाटलं. मिटला का ते बघायला डोळे उघडले, तेवढ्यात खुंटीवरचा हात हलला.