बाविसावा आठवडा

आज पहाटेच्या एसटीनं धाकट्या बहिणीला गेवराईहून संभाजीनगरला नेलं. पोटातल्या बाळाच्या हृदयाची तपासणी, फीटल इको. तिचं पहिलं लेकरू चौथ्या दिवशी दूध पिता पिता निळं पडलं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली होती, हे ते गेल्यावर कळलं. तेव्हाही सोनोग्राफी झाली होती. पण नुसते चार कप्पे ठीक दिसले की हा दोष सुटून जातो, बाहेर पडणाऱ्या वाहिन्याही बघाव्या लागतात. हे मला अजून सलतं.

सोबत तिची सासू. पडद्याकडे बघून म्हणाली, "एवढुसं काळीज दिसायलंय का माय?" दिसत होतं. झडपांची उघडझापसुद्धा. डॉक्टर बराच वेळ बोलल्या नाहीत. बहिणीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

नंतर मी विचारलं, या तपासणीनं असे दोष कमी होतात का? नाही म्हणाल्या. हजारात साधारण ८-१० बाळांना दोष असतोच, हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडतं. काही ठिकाणी जन्मलेल्या बाळांत गंभीर दोषांचा आकडा घटतो, तो काही जोडपी गर्भपाताचा निर्णय घेतात म्हणून. पण आधी कळलं तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करता येतं, जन्मताच औषध सुरू होतं, शस्त्रक्रियेपर्यंत बाळ तगतं.

आमचा रिपोर्ट चांगला आला. परतताना बहीण माझ्या खांद्यावर डोकं टेकून पाचोडपर्यंत गाढ झोपली.