३० मिलिग्रॅमचा आकडा बाटलीत ठरतो

तेलविहीर जुनी होते तसे तेल घटते आणि तेलाबरोबर वर येणारे पाणी वाढते. हे पाणी, म्हणजे प्रोड्यूस्ड वॉटर, समुद्रात सोडताना त्यात तेल किती चालेल याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. ईशान्य अटलांटिकसाठीच्या ऑस्पार कराराखाली महिन्याची सरासरी लिटरमागे ३० मिलिग्रॅम. अमेरिकेच्या समुद्रात महिन्याची सरासरी २९ आणि कुठल्याही एका दिवशी जास्तीत जास्त ४२. भारताच्या नियमांत समुद्रात सोडायच्या पाण्याला ४० ची मर्यादा आहे. ती ९५ टक्के नोंदींत पाळली गेली पाहिजे आणि १०० तर कधीच ओलांडायचे नाही.

३० आणि २९ हे जवळजवळ एकच वाटतात, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. ‘तेल’ कशाला म्हणायचे हे चाचणीच्या पद्धतीवर ठरते. म्हणून पाणी सोडण्याचा परवाना हातात आला की आकड्याच्या आधी पद्धत वाचावी.

ऑस्पारच्या पद्धतीत नमुना आम्लयुक्त करून पेंटेनमध्ये तेल ओढून घेतात, फ्लोरिसिल या शोषक भुकटीमधून गाळून ध्रुवीय संयुगे (आम्लांसारखी, तेल नसलेली) काढतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे घटक वेगळे करून आलेखावर शिखरे दाखवणाऱ्या यंत्रावर, सी-७ ते सी-४० (रेणूत ७ ते ४० कार्बन अणू) हा पट्टा मोजतात. टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलिन यांची शिखरे त्यातून वजा होतात. अमेरिकेतल्या मेथड १६६४ मध्ये हेक्झेन वापरतात, ते उडवून देतात आणि भांड्यात उरेल त्याचे वजन करतात. हेक्झेनबरोबर हलके हायड्रोकार्बनही काही प्रमाणात उडतात, त्यामुळे कंडेन्सेटचे, म्हणजे वायूबरोबर येणाऱ्या हलक्या तेलाचे, आकडे कमी दिसतात. उलट पाण्यात विरघळलेली सेंद्रिय आम्ले नमुना आम्ल घालून पीएच २ च्या खाली नेल्यावर हेक्झेनमध्ये उतरतात आणि ‘तेल’ म्हणून मोजली जातात. एकच पाणी एका पद्धतीत पास आणि दुसऱ्या पद्धतीत नापास होऊ शकते ते यामुळे.

अशा वेळी लोक हायड्रोसायक्लोनच्या, म्हणजे पाणी गरगर फिरवून तेलाचे थेंब वेगळे काढणाऱ्या यंत्राच्या, मागे लागतात आणि आठवडे वाया घालवतात. आम्ल विरघळलेले असेल तर कुठलाही सायक्लोन ते काढणार नाही. आधी त्याच अर्काला (तेल उतरलेल्या हेक्झेनला) ध्रुवीय संयुगे शोषणारे सिलिका जेल देऊन पुन्हा वजन करावे. आकडा एकदम घसरला, तर दोष थेंबांचा नाही, आम्लाचा. हे फक्त निदानासाठी. अहवालात परवान्यात लिहिलेल्या पद्धतीचाच आकडा जातो.

जुन्या नोंदींबद्दलही सावध राहावे. पूर्वी तेल इन्फ्रारेड प्रकाशाने मोजायची पद्धत होती आणि तिला लागणारी द्रावके ओझोनला मारक असल्याने मॉन्ट्रियल करारात अडकली. ऑस्पारने २००७ पासून क्रोमॅटोग्राफची पद्धत आणली. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच आलेखात जोडून ‘सुधारणा’ दाखवणे चूक आहे.

आता नमुन्याची बाटली. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नमुन्याचा नळ शेवटच्या शुद्धीकरणानंतर, पाणी चांगले घुसळले जाते अशा जागी हवा. आडव्या पाइपच्या माथ्यावर नळ असेल तर तेल जास्त येते, तळाशी असेल तर वाळू. नळ आधी सोडून लाइन धुऊन घ्यावी आणि बाटली भरताना प्रवाह कमी-जास्त करू नये. बाटली काचेचीच, प्लॅस्टिकला तेल चिकटते. ती नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही आणि ओसंडूनही वाहू द्यायची नाही, कारण दोन्ही वेळा तेल काचेवर राहते, पाणी निघून जाते आणि आकडा फुगतो. वर थोडी जागा ठेवावी: बायकार्बोनेट जास्त असेल तर आम्ल घालताच पाणी फसफसते. आम्ल लगेच घालावे, नाहीतर जिवाणू तेल खायला लागतात.

प्रयोगशाळेत अख्खी बाटली वापरायची, त्यातला थोडा भाग ओतून घ्यायचा नाही. पाण्याच्या पातळीवर बाहेरून खूण करावी, बाटली द्रावकाने विसळून ते द्रावक अर्कात मिसळावे आणि शेवटी खुणेपर्यंत साधे पाणी भरून आकारमान मोजावे. नमुनाच मोजपात्रात ओतला तर तेल मोजपात्राच्या भिंतीला राहते.

सरासरीही समजून घ्यावी. ऑस्पारमध्ये महिन्याभरात सोडलेल्या तेलाचे एकूण वजन भागिले पाण्याचे एकूण आकारमान असा हिशेब आहे. एका दिवशी १०,००० घनमीटर पाणी १८ मिलिग्रॅमने गेले, म्हणजे १८० किलो तेल. दुसऱ्या दिवशी २,००० घनमीटर ६० ने गेले, म्हणजे १२० किलो. ३०० किलो भागिले १२,००० घनमीटर, म्हणजे २५. नुसत्या दोन आकड्यांची सरासरी ३९ आली असती. मोठा प्रवाह खराब दिवशी गेला, तर हाच हिशेब ५३ वर जातो. म्हणून प्रवाहमापी बिघडला की तेलाचा आकडाही गेला असे समजावे.

आकडा खरोखर वाढला असेल तर आधी थेंबांचा आकार आठवावा. थेंबाचा व्यास निम्मा झाला की वर तरंगण्याचा वेग चौथाई होतो, आणि साधारण १० ते १५ मायक्रॉनच्या खाली हायड्रोसायक्लोन हतबल होतो. सायक्लोनच्या आधी अर्धवट उघडा व्हॉल्व्ह किंवा वेगवान सेंट्रिफ्यूगल पंप असेल तर थेंब तिथेच चिरडले जातात. पातळी नियंत्रणाचा व्हॉल्व्ह सायक्लोनच्या पुढे, म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्यावर, हवा. मग रिजेक्ट, म्हणजे सायक्लोनमधून वेगळे काढलेले तेलकट पाणी जाते ती वाट, पाहावा: प्रवाहाच्या साधारण १ ते ३ टक्के पाणी तिकडून जायला हवे. ते घटले असेल तर बारीक छिद्रात वाळू किंवा क्षार बसला आहे, बॅकफ्लश करावे, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून ते धुवावे. तेही ठीक असेल तर मागच्या दोन दिवसांत कोणत्या विहिरीला ॲसिड दिले, कुठले रसायन बदलले, डिमल्सिफायरचा (तेल-पाण्याचे घट्ट मिश्रण, म्हणजे इमल्शन, फोडणाऱ्या रसायनाचा) डोस कुणी वाढवला हे विचारावे. जास्त डिमल्सिफायर इमल्शन फोडण्याऐवजी घट्ट करू शकतो.