तुम्ही विचारलंत म्हणून: अंगावर का काढलंस?

"तिकडे इंग्लंडला औषधपाणी फुकट, तरी दुखणं अंगावर का काढलंस?" मावशी, आत्या, शेजारच्या काकू, यंदा इंग्लंडला निघालेल्या दोन मुली, सगळ्यांनी हे विचारून झालंय. प्रत्येकीला मी वेगळं उत्तर दिलं. आता एकदाच, खरं.

आधी ते 'फुकट'. व्हिसाच्या अर्जासोबत विद्यार्थ्यांकडून वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार घेतात, विमानात बसायच्या आधीच. तेव्हा मी कुणाचं फुकट खाल्लं नाही. (हे मी जरा चढ्या आवाजात सांगते. पुढचं अवघड आहे म्हणून.) शिवाय पैसे भरले की डॉक्टर समोर येतो असंही नाही, राहत्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवावं लागतं. हे मला कुणी सांगितलंच नाही, असं मी तुमच्यापैकी काहींना म्हटलंय. खोटं. विद्यापीठाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी फॉर्म भरला दहाव्या आठवड्यात, लघवीला जळजळ सुरू झाल्यावर.

नाव लागलं. सकाळी आठच्या ठोक्याला फोन केला, बराच वेळ रांगेत थांबले. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, काय होतंय? स्वयंपाकघर सामायिक, शेजारी दोन मुलं टोस्ट भाजत उभी. पुटपुटले. त्या म्हणाल्या, कुठल्याही फार्मसीत जा. मला वाटलं, टोलवलं. डॉक्टरकडे जायला निघालेल्याला कंपाउंडरकडे धाडल्यासारखं! जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमधला फार्मासिस्ट १६ ते ६४ वयाच्या बायकांना नेमक्या याच साध्या संसर्गासाठी अँटिबायोटिक देऊ शकतो, हे नंतर कळलं. ९ पौंड ९० पेन्समध्ये काम झालं असतं. ती फार्मसी माझ्या बसस्टॉपला लागून होती.

त्याऐवजी मी बॅगेतली औषधांची पिशवी उघडली. तिच्यात अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप होती, दुसऱ्या कुणाच्या तरी दुखण्यातून उरलेली. ती कुणी दिली हे इथे लिहीत नाही. जिने दिली तिला माहीत आहे. तीन गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, थांबवल्या.

पाचव्या रात्री हुडहुडी भरली. उजव्या बाजूला, कमरेच्या वर, अशी कळ की श्वास अर्ध्यावर अडायचा. १११ ला, म्हणजे तिथल्या आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावला. श्वास घेता येतोय का, रक्त जातंय का, एकेक प्रश्न. मग, दुखणं कसं आहे? कळ, ठणका, चमक, मुरडा, सगळे शब्द तोंडाशी आले आणि एकाचंही इंग्लिश होईना. दुभाषी हवाय का? नको, इंग्लिश येतं मला. आयएल्ट्सला, इंग्लिशच्या परीक्षेला, साडेसात बँड होते ना! दहापैकी किती दुखतंय? चार, म्हणाले. आमच्या घरात दहा म्हणणाऱ्या माणसाला नाटकी म्हणतात. पण ताप सांगितल्यावर फोनवरच्या बाईने एका तासात इमर्जन्सीला पोचायला सांगितलं.

तिथे डॉक्टरांनी विचारलं, आधी कुठलं अँटिबायोटिक घेतलंय? नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. नाही.

डोक्यात काय होतं, तर हे कुठेतरी नोंदलं जाईल आणि व्हिसाला अडचण येईल. काहीच्या काही. पण त्या क्षणी ते अगदी खरं वाटत होतं. शिवाय लाज. संसर्ग किडनीपर्यंत गेला होता आणि मी तोंड मिटून पडले होते. पहाटे तीनच्या सुमाराला नर्स सलाइन बदलायला आली, तेव्हा सांगून टाकलं. बोलणी खायची तयारी मी तासन् तास करून ठेवली होती. तिने गोळीचं नाव विचारलं, मी फोनमधला स्ट्रिपचा फोटो दाखवला, तिने लिहून घेतलं आणि गेली. मला तर ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. असाइनमेंट कोण लिहिणार होतं? त्या स्वयंपाकघरात मोठ्याने काय सांगणार होतीस? तिचं सगळंच चुकलं असं मला म्हणवत नाही. बरोबर होतं असंही नाही.

परवा परत निघताना आईने पुन्हा औषधांची पिशवी भरली. आत नवी कोरी अँटिबायोटिकची स्ट्रिप. मी ती काढून कपाटात ठेवली. टॅक्सी आल्यावर पुन्हा बॅगेत टाकली.