काट्यावरचं पाणी

आमच्या वखारीत गिऱ्हाईक आलं की आधी दोन लाकडं उचलतं आणि एकमेकांवर आपटतं. ठण्ण वाजलं तर वाळलेलं, धप्प वाजलं तर ओलं. आपटून झालं की असा काही चेहरा करतं, जणू ही युक्ती त्याच्या आज्यानं फक्त त्यालाच सांगितली होती. मी गप्प बसतो. माल घेताना मीही तेच करतो.

सोलापुरात जळणाचा धंदा करतो म्हटलं की पाहुण्यांचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, गॅसच्या जमान्यात लाकूड घेतं कोण? त्याचं उत्तर सोपं आहे. बेकरीवाले घेतात, ढाबेवाले घेतात, लग्नाचे आचारी घेतात. जुन्या वाड्यांतले बंब अजून पेटतात, त्यांना ढलप्या लागतात. दुसरा प्रश्न जरा टोचतो. 'सोलापूरच्या उन्हात लाकूड वाळवायला असं काय लागतं? टाकायचं अन् बसायचं!'

ऊन आहे, मान्य. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला तरी इथे त्याची बातमी होत नाही. पण लाकूड म्हणजे कुरडया नव्हेत. सालीसकट पडलेला ओंडका वर्षभर उन्हात असला तरी आतून ओला निघतो. साल म्हणजे झाडाचा रेनकोट, आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून आधी फोडायचं. बाभूळ सरळ असेल तर पाचर ठोकून घणाचे दोन घाव पुरतात, आत तांबूस गाभा चमकतो. चिंचेची गाठ लागली की मात्र फोडणारे मामा कुऱ्हाड बाजूला ठेवतात, तंबाखू मळतात आणि त्या गाठीकडे जुन्या वैऱ्यासारखे बघत राहतात. मग थप्पी. खाली दोन आडवे वासे, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही. दोन टोकांना उभी-आडवी चौकट, मध्ये वारा खेळेल इतकी फट. होळीच्या आसपास फोडून रचलेली बाभूळ मृगाच्या आधी वाजायला लागते. जाड तुकड्यांना पुढचा उन्हाळाही लागतो.

पावसाळ्यात झाकायचं ते फक्त डोकं. पहिल्या वर्षी मी काळजीपोटी अख्खी थप्पी ताडपत्रीत गुंडाळली, दोरीनं आवळलीसुद्धा. दसऱ्याला सोडली तर आत पांढरी बुरशी, कुबट वास आणि एक विंचू सहकुटुंब.

खरी गंमत काट्यावर आहे. आमचा माल वजनावर विकला जातो आणि आमचं सगळं काम वजन कमी करण्याचं. हिशेब करून बघा. हजार किलो ओलं लाकूड घेतलं, त्यात चाळीस टक्के पाणी. म्हणजे लाकूड सहाशे किलो, बाकी चारशे लिटर पाणी. ते वाळवत वाळवत वीस टक्क्यांवर आणलं की काट्यावर भरतं साडेसातशे. अडीचशे किलो हवेत! ओलं सहा रुपयांनी घेतलं असेल तर वाळलेलं आठ रुपयांनी विकल्यावर मुद्दल निघते. फोडणाऱ्यांची मजुरी, जागेचं भाडं, माझी भाकरी अजून धरलेलीच नाही. आणि समोरचा म्हणतो, 'पलीकडं सहानं देतात की!' देतात. त्यात पाणी किती ते कोण विचारतो?

ते पाणी फुकट जात नाही, जाताना जाळ खाऊन जातं. लिटरभर पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. म्हणजे ओलं जळण घेणारा आधी पाण्याचे पैसे देतो आणि मग ते पाणी उडवायला त्यातलंच लाकूड जाळतो. हे मी गिऱ्हाइकाला समजावून बघितलंय. तो मान डोलावतो आणि म्हणतो, 'ते बरोबर आहे, पण साडेसात लावा.'

मुलगा म्हणाला, वजनावर नको, मापावर विकू. थप्पीची लांबी, रुंदी, उंची. वाळल्यावर लाकूड थोडंसं आकसतं, पण वजनाइतका फटका बसत नाही. डोकं चांगलं चाललं पोराचं. एक महिना विकलं. पहिल्याच बेकरीवाल्यानं थप्पीच्या फटीत हात घालून विचारलं, 'ह्या हवेचे किती धरले?' परत काट्यावर आलो.

एकदा मीही पाणी विकलंय. तुळशीचं लग्न झालं की इथे लग्नांची रांग लागते. वाळलेला माल संपत आला होता आणि एका आचाऱ्याची ऑर्डर मोठी. श्रावणात तोडलेली बाभूळ खालच्या थरात घातली, वर ठण्ण वाजणारी रचली. पहाटे पाचला फोन. 'मालक, जळण पाठवलंय का ऊस? टोकातनं नुसता रस गळायलाय की ओ!' मी छोटा हत्ती भरून पळालो. कार्यालयाच्या मागे हुग्गीचं पातेलं चुलवाणावर होतं, आचारी एका डोळ्यानं ढवळत होता, दुसरा चोळत होता. लाकडाच्या टोकाला फेस आणि धूर असा की मांडवातल्या केळीसुद्धा दिसेनात. गव्हाच्या खिरीला धूर लागला तो लागलाच. पंगतीत मी खाली मान घालून बसलो होतो. वरपक्षाकडचे एक आजोबा म्हणाले, 'काय चव आहे! चुलीवरची आहे ना?' तेव्हापासून हॉटेलच्या पाटीवर 'चुलीवरचं' दिसलं की मला आत जाऊन आधी लाकूड आपटून बघावंसं वाटतं.

माल कुठून येतो? बांधावरची झाडं येतात, पण जपून घ्यावी लागतात. 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यात चिंच, आंबा, जांभूळ अशी नावं आहेत. झाड स्वतःच्या रानातलं असलं तरी परवानगी लागते, कागद नसेल तर मी ट्रॉली परत पाठवतो. बिनधास्त मिळते ती वेडी बाभूळ. परदेशातून आली आणि पडीक रान दिसेल तिथे पसरली. काटा टायरमधून आरपार जातो, फोडणारे शिव्या घालतात, पण जाळ धरते असा की भट्टीवाले दुसरं मागत नाहीत. लिंब मी घरच्या चुलीसाठी देत नाही, त्याचा धूर डोळ्याला लागतो. उंबर-पिंपळ वखारीत येतच नाही. तोडणाऱ्याचा हात तिथे आपोआप थांबतो, मी सांगायची गरज पडत नाही.

सुताराला तडा म्हणजे नुकसान. मला तडा म्हणजे पाण्याची वाट. थप्पीच्या तोंडाशी उभं राहिलं की प्रत्येक तुकड्याच्या टोकाला मधून बाहेर फुटलेल्या चिरा दिसतात, मुलांनी काढलेल्या सूर्यासारख्या. रंग राखाडी पडलेला, साल नखानं निघते. हे बघायला माणसानं दुपारीच यावं, पण एप्रिलच्या दुपारी सोलापुरात घराबाहेर कोण पडतं? मी असतो. पत्र्याखाली, माठाशेजारी, खुर्चीत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मध्येच मागच्या थप्पीतून बारीक आवाज येतो, टक्. लाकूड तडकतं. थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाला, टक्.

मी डोळे न उघडता मनात वही काढतो आणि लिहितो, गेलं आणखी पावशेर.