टप उघडा ठेवून फिरणारे पुढारी

परवा आमच्या कासारवडवलीच्या सोसायटीच्या वॉट्सॲप ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा फिरत आला. सरायेवोमध्ये ऑस्ट्रियाचा राजपुत्र फ्रांझ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी ज्या गाडीत मारले गेले (याच खुनावरून पहिलं महायुद्ध पेटलं) त्या गाडीचा नंबर म्हणे ए १११ ११८, म्हणजे ११-११-१८, म्हणजे बरोबर पहिलं महायुद्ध थांबलं ती तारीख, आणि खाली दोन हात जोडलेले. चौथ्या मजल्यावरचे काका लगेच "विधिलिखित" टाकून मोकळे.

तर पहिली गोष्ट, ते १११ नाहीच, तो रोमन तीन आहे. ए, मग रोमन तीन, मग ११८. फोटो झूम करून बघा, तीन उभ्या रेघा दिसतात आणि हवं तसं वाचणारे तीन एक वाचतात. दुसरी गोष्ट, त्या गाडीच्या शापाच्या ज्या कथा असतात ना, की नंतर ज्याने ज्याने घेतली तो मेला वगैरे, ती गाडी व्हिएन्नाच्या लष्करी म्युझियममध्ये ठेवलेली आहे, गोळीच्या भोकासकट, आणि त्याच म्युझियममध्ये फर्डिनांडचा रक्ताचे डाग असलेला युनिफॉर्मपण आहे. मग मधले ते सगळे मालक कधी झाले आणि कधी मेले.

पण या नादात मी बराच वेळ त्या गाडीबद्दल वाचत बसलो आणि मला त्या नंबरपेक्षा तिचा टप जास्त इंटरेस्टिंग वाटला. व्हिएन्नाच्या ग्रेफ अँड स्टिफ्ट कंपनीची १९११ची गाडी, ३२ हॉर्सपॉवर, त्या काळातली एकदम भारी चीज, आणि ती राजपुत्राची नव्हतीच, काउंट हाराख नावाच्या सरदाराची होती. २८ जून १९१४, रविवार, टप मागे दुमडलेला, कारण लोकांना राजपुत्र दिसला पाहिजे. सकाळी एकाने बाँब फेकला तो त्या दुमडलेल्या टपावर आपटून खाली पडला आणि मागच्या गाडीखाली फुटला. आता इथे तुम्ही-आम्ही काय केलं असतं, टप लावला असता, नाहीतर सरळ शहराबाहेर पडलो असतो. हा माणूस टाउन हॉलमध्ये जाऊन कार्यक्रम उरकतो आणि परत त्याच उघड्या गाडीत बसून जखमींना बघायला हॉस्पिटलला निघतो. रस्ता बदलायचं ठरलं पण ड्रायव्हरला, लोयका त्याचं नाव, कोणी सांगितलंच नाही, तो जुन्या रूटप्रमाणे लॅटिन ब्रिजपाशी उजवीकडे वळला, पुढे बसलेला गव्हर्नर ओरडला, त्याने ब्रेक मारला, आणि गाडी जिथे थांबली तिथेच त्याच कटातला गाव्रिलो प्रिन्सिप पिस्तूल घेऊन उभा. काउंट हाराख बिचारा स्वतःच्या गाडीच्या फूटबोर्डवर ढाल म्हणून उभा होता, पण डाव्या बाजूला. गोळ्या उजवीकडून आल्या.

मला तर वाटतं युद्धाच्या काळातल्या पुढाऱ्यांच्या गाड्यांचा सगळा मामला एवढाच आहे, दिसायचं की लपायचं. लेदर, लाकूड, सिलेंडर वगैरे नंतर. आता आपल्या घोडबंदर रोडवर ताफा जातो तेव्हा आपण सिग्नलला ताटकळत असतो आणि काळ्या काचांमागे नक्की कोण आहे तेही कळत नाही, त्यावेळचं उलट होतं, गाडी म्हणजे चालतं स्टेजच.

हिटलरने हे सगळ्यात जास्त वापरलं. त्याची मर्सिडीज ७७०, तिला ग्रोसर मर्सिडीज म्हणजे मोठी मर्सिडीज म्हणायचे, १९३८ला नवीन मॉडेल आलं, ७.७ लिटरचं इंजिन, आठ सिलेंडर एका ओळीत, साधं चालवलं तर १५५ हॉर्सपॉवर आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सुपरचार्जर चालू केला की २३०. या नवीन मॉडेलच्या १९४३पर्यंत फक्त ८८ गाड्या बनल्या. तो मागे नाही बसायचा, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, आणि मिरवणुकीत तिथेच उभा राहायचा. स्वतः मात्र गाडी चालवत नव्हता. मित्रांना गाड्या गिफ्टपण करायचा, फिनलंडचा सेनापती मॅनरहाइमला ७७० दिली, स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोला सहा चाकांची मर्सिडीज जी-४, आणि ती जी-४ अजून स्पेनच्या राजघराण्याकडे आहे.

यातली एक ७७० कॅनडात ऑटावाच्या वॉर म्युझियममध्ये आहे, तिची गंमत बघा. मे १९४५मध्ये जो अझारा नावाच्या अमेरिकन सार्जंटला ती मालगाडीच्या उघड्या वॅगनवर सापडली आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की ही हिटलरचा हवाईदल प्रमुख गोअरिंगची गाडी. अमेरिकेत नेली, लिलाव झाला, हातोहात फिरत १९७०ला म्युझियममध्ये आली, तरी गोअरिंगचीच. मग म्युझियमचाच लायब्ररियन, लुडविग कोशे, त्याला शंका आली आणि तो पठ्ठ्या जुने फोटो, नंबरप्लेट, कारखान्याच्या नोंदी असं सगळं जुळवत बसला आणि त्याने दाखवून दिलं की ही तर हिटलरची. मला या स्टोरीत हिरो लायब्ररियनच वाटतो.

आता चीड आणणारा भाग. याच हिटलरने जर्मन जनतेला सांगितलं होतं की प्रत्येक कामगाराची स्वतःची गाडी असेल, किंमत ९९० मार्क, आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट विकत घ्या, पुस्तकात चिकटवा, पुस्तकं भरली की गाडी तुमची. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. हीच पुढे जगभर गेलेली बीटल. पण युद्ध सुरू झालं, कारखान्यात लष्कराचा माल बनायला लागला, आणि या लोकांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. अगदी आपल्याकडे अंडर कन्स्ट्रक्शन टॉवरमध्ये फ्लॅट बुक करून हप्ते भरत राहावं आणि बिल्डरने तिसऱ्या स्लॅबवर काम सोडून पळून जावं तसं. युद्धानंतर लोक कोर्टात गेले, केस वर्षानुवर्षं चालली, शेवटी १९६१मध्ये तडजोड झाली, नवीन गाडीवर जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट नाहीतर रोख १०० मार्क घ्या आणि गप्प बसा. आणि तिकडे ज्या सैन्याच्या रणगाड्यांचं एवढं कौतुक होतं त्या सैन्याने युद्धात पंचवीस लाखांहून जास्त घोडे वापरले, कारण सामान ओढायला पुरेसे ट्रक नव्हते आणि पेट्रोलपण नव्हतं. साहेबांची गाडी मात्र ७.७ लिटरची.

टप उघडा ठेवायची मस्ती पुढे हायड्रिशला नडली. हा प्रागचा नाझी कारभारी, रोज उघड्या मर्सिडीज ३२०मधून ऑफिसला जायचा, मागेपुढे एस्कॉर्ट नाही, कारण चेक लोकांची हिंमतच होणार नाही अशी खात्री. २७ मे १९४२, वळणावर गाडी हळू झाली, त्याला मारायला आलेल्या दोघांपैकी गाबचिक समोर आला, त्याची स्टेनगन जॅम झाली. इथे गाडी पळवायची ना, पण हायड्रिशने थांबवायला लावली आणि पिस्तूल काढून उभा राहिला. दुसऱ्याने, कुबिशने बाँब टाकला, तो गाडीच्या आतपण नाही पडला, मागच्या उजव्या चाकापाशी फुटला. पण सीटमधले घोड्याचे केस आणि पत्र्याचे तुकडे त्याच्या अंगात घुसले, इन्फेक्शन झालं आणि ४ जूनला गेला. भारी गाडीच्या भारी सीटनेच घात केला म्हणा. याचा सूड म्हणून नाझींनी लिदित्से नावाचं अख्खं चेक गाव संपवलं, १७३ पुरुष तिथेच गोळ्या घालून मारले. हे वाचल्यावर मी जरा वेळ फोन बाजूला ठेवला.

अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टचं वेगळंच. पोलिओमुळे पायात जोर नाही, त्यामुळे त्याच्यासाठी उघडी लिंकन म्हणजे उभं न राहता लोकांना दिसायची सोय, मागच्या सीटवर बसूनच भाषण. सनशाइन स्पेशल म्हणायचे तिला, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर मग चिलखत लावलं. पण न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कच्या घरी त्याची स्वतःची फोर्ड होती, सगळे कंट्रोल हाताने चालणारे, आणि १९३९ला इंग्लंडचे राजाराणी आले तेव्हा त्यांना शेजारी बसवून हा स्वतः फिरवून आला. स्टालिनबद्दल फार नाही लिहीत, अमेरिकन पॅकार्ड आवडायच्या आणि १९४५मध्ये निघालेली रशियाची, पॅकार्डसारखीच दिसणारी झिस-११० गाडी बघितली की आवड कळतेच.

लपण्याच्या बाबतीत मात्र आपल्या नेताजींना तोड नाही. जानेवारी १९४१, कलकत्त्यात एल्गिन रोडच्या घराबाहेर पोलीस. घरात स्टुडबेकर प्रेसिडेंट होती, मोठी, रुबाबदार, लांबच्या प्रवासाला तीच बरी, पण ती सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून ती नको. घेतली छोटी वाँडरर, नंबर बीएलए ७१६९, पुतण्या शिशिर गाडी चालवायला, आणि नेताजी पठाणी वेशात, नाव महंमद झियाउद्दीन. १६ जानेवारीच्या रात्री निघाले, दुसऱ्या दिवशी धनबादजवळ दुसऱ्या पुतण्याकडे थांबले आणि रात्री गोमोहहून रेल्वे पकडली. वाँडरर जर्मन बरं का, आजच्या ऑडीच्या चार रिंगांपैकी एक रिंग तिची. ती गाडी नेताजी भवनमध्ये आहे.

आणि आता आपल्या एरियातली. १९६५च्या युद्धाचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री. घरच्यांच्या आग्रहावरून फियाट घ्यायचं ठरलं, किंमत १२ हजार, बँकेत ७ हजार, मग पंजाब नॅशनल बँकेचं ५ हजाराचं कर्ज. जानेवारी १९६६मध्ये ताश्कंदला गेले ते गेलेच, आणि कर्ज त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. नंबर डीएलई ६, दिल्लीच्या शास्त्री मेमोरियलमध्ये आहे. आता त्या वेळी आपल्या देशात फियाट बनायची कुठे, तर प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, एलबीएस रोडच्या पट्ट्यात. एलबीएस म्हणजे कोण ते सांगायला नको, आणि तोच रोड भांडुप-मुलुंड करत आपल्या ठाण्यात येतो. हे मी ग्रुपवर टाकलं, त्यावर काकांचा फक्त एक अंगठा आला. कारखान्याच्या जागी आता टॉवर आहेत.

ठाण्यात कोणाकडे चालू कंडिशनमधली फियाट अकराशे असेल तर कमेंटमध्ये सांगा, गॅरेजवाल्याकडे धूळ खात पडलेली असली तरी चालेल, येऊन बघून जाईन.