न्हाणीच्या दाराशी

श्रावणात आमच्याकडच्या भटजींना दोन घास सुखाने खायची फुरसत नसते. सत्यनारायण, मंगळागौर, लघुरुद्र, आणि ते आटपेपर्यंत गणपती येतात. गुहागर तालुक्यात वेळणेश्वराच्या अलीकडे आमचं उपकेंद्र आहे. तिथे मी १६ वर्षं आरोग्यसेविका आहे.

त्या दिवशी वाडीतलं लसीकरण आटपून येताना पावसाने झोडपलं आणि मी गुरुजींच्या पडवीत शिरले. खरं तर पाऊस हे निमित्त. त्यांची बायको ३३ आठवड्यांची गरोदर होती, पहिलटकरीण. ९ तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्वाच्या तपासणीला ती आलीच नव्हती. मी फोन केला होता. गुरुजींनी उचलला. "बरी आहे हो सिस्टर, पाय जरा सुजलेत," म्हणाले. मी तेवढंच रजिस्टरला लिहून ठेवलं. तिची खबर मी तिच्या नवऱ्याकडून घेतली. ही चूक माझी, आणि ती मला अजून सलते.

चुलीच्या वरच्या दांडीवर पळायचे बूट वाळत टांगले होते.

सैन्यात धर्मगुरूंची भरती असते, हे मला या घरामुळेच कळलं. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू असे सगळे घेतात. हुद्दा नायब सुभेदाराचा, आणि निवड झाली की पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत प्रशिक्षण. गुरुजींकडे संस्कृतची पदवी होती, कर्मकांडाची पदविका होती, लेखी परीक्षाही निघाली होती. राहिलं होतं ग्राउंड. १६०० मीटर, ८ मिनिटांत. वर्षभर पहाटे ते पुळणीवर पळत होते. ग्राउंड परवावर आलं होतं, पुण्याला. वय असं, की यानंतर फॉर्म भरायची एखादीच संधी उरलेली.

भिक्षुकीत चार महिने हात भरलेले आणि आठ महिने रिकामे, तेव्हा पगाराची ओढ होतीच. पण तेवढंच नव्हतं. जखमी जवानाजवळ इस्पितळात बसायचं, कुणी गेला तर त्याचे अंत्यविधी करायचे, हेही धर्मगुरूचंच काम असतं, असं ते सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा.

काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या आईने, चहा टाकला. मी गुरुजींच्या बायकोला भिंतीला टेकून बसवलं आणि बीपी घेतला. १४८/९८. पंधरा मिनिटांनी पुन्हा घेतला, १५२/१००.

"सकाळपासून सोवळ्याचा स्वयंपाक केलान तिने, दमली असेल," काकू म्हणाल्या. त्यात दुष्टावा नव्हता. त्यांच्या स्वतःच्या तिन्ही बाळंतपणांत पाय सुजले होते आणि त्या तिन्ही वेळा धडधाकट उठल्या होत्या.

"डोकं दुखतं का गं?" मी विचारलं.

तिने सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मानेनेच नाही म्हटलं.

लघवी तपासायची म्हणून मी तिला मागीलदारी नेलं. पट्टीचा पिवळा रंग बघता बघता हिरवा झाला. प्रथिनं दोन प्लस. तिथे न्हाणीच्या दाराशी, पागोळ्यांच्या आवाजात, मी तोच प्रश्न परत विचारला.

"कालपासून दुखतंय," ती म्हणाली. "डोळ्यांपुढे काजवे चमकतात. रात्री इथे दुखलं," तिने बरगडीखाली हात ठेवला, "उलटीही झाली. पण सिस्टर, ह्यांना सांगू नका ना. परवा ह्यांचं ग्राउंड आहे. ते झालं की मी स्वतः येते तुमच्याकडे."

गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाचं हेच भय आहे. बाई चालते, बोलते, वीस माणसांच्या पोळ्या लाटते, आणि आत मूत्रपिंड, यकृत, मेंदू ताणाखाली असतात. तिने सांगितलेल्या या सगळ्या गोष्टी आकडीचा झटका येण्याआधीच्या आहेत. परवापर्यंत थांबायला जागाच नव्हती.

"मी सांगणार," मी म्हटलं, "पण तुझ्यासमोर सांगेन." ती रडायला लागली. मी तिचा हात धरून आत आणलं आणि सगळं सांगितलं.

गुरुजींनी एकच विचारलं, "कधी निघायचं?"

"आत्ता."

१०८ ला फोन लावला. प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत बीपी १६४/११२ झाला होता. डॉक्टरांनी निफेडिपिनची गोळी दिली. आकडी टाळण्यासाठीचं मॅगसल्फचं इंजेक्शन मी दिलं, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल. ते फार जळजळतं. तिने काकूंचा पदर मुठीत धरला, पण ओरडली नाही. बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनचा पहिला डोस दिला आणि तशीच गाडी चिपळूणला काढली.

त्या वाटेवरचं एक मी विसरणार नाही. गुरुजींनी डोळे मिटून हलक्या आवाजात स्तोत्र सुरू केलं. ती म्हणाली, "नको ना, आवाज सहन होत नाही." ते थांबले. शृंगारतळी गेली, मार्गताम्हाणे गेलं, पाऊस टपावर आदळत होता, आणि ज्या माणसाचं सगळं आयुष्य मोठ्याने म्हणण्यात गेलं तो तिच्या डोळ्यांवर उपरण्याची घडी धरून दीड तास गप्प बसून होता. मी दर थोड्या वेळाने तिचे श्वास मोजत होते. मॅगसल्फनंतर ते मोजावेच लागतात.

रात्री मी थांबले. पहाटे तिचा भाऊ डोंबिवलीहून कोकण रेल्वेने आला. ती नवऱ्याला म्हणाली, "दादा आहे, तुम्ही जा." गाडी मिळाली असती. ते गेले असते तरी मी त्यांना नावं ठेवली नसती, एवढं त्या घरासाठी ते ग्राउंड मोठं होतं. ते बाकावरून उठले, खाली जाऊन तिच्यासाठी पेज घेऊन आले आणि परत तिथेच बसले.

बीपी आठवडाभर कसाबसा आवरला. मग सिझेरियन झालं. मुलगी, १ किलो ८५० ग्रॅम. काचेत ११ दिवस होती.

माता-बाल संरक्षण कार्डावर मी लाल पेनाने लिहून दिलं आहे. पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्यापासूनच डॉक्टरांना विचारून अॅस्पिरिन. गुरुजींनी पुन्हा फॉर्म भरायचं ठरवलंय. निवड झाली तर कदाचित ते सीमेवर असतील आणि ती इथे, किंवा दोघं कुठल्या तरी छावणीत, जिथे तिला कुणी ओळखत नसेल. ते कार्ड तिच्या पिशवीतच राहायला हवं, त्यांच्या फायलीत नको, हे मी दोघांनाही बजावलं.

बाळंतपणानंतरही बीपी काही आठवडे चढा राहू शकतो, म्हणून परवा परत गेले होते. गुरुजी पुळणीवरून पळून आले होते, बूट वाळूने भरलेले. मी त्यांना पाणी आणायला आत पाठवलं आणि तिला हळूच विचारलं.

"काही नाही हो," ती हसली. "या खेपेला खरंच काही नाही."

मी तरी पट्टा बांधला. १२८/८२.